कंडेन्सरचं सोवळं

जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घरात आला की जाणकार म्हणवणाऱ्यांकडून पहिला सल्ला मिळतो तो हात न लावण्याचा. धूळ पुसा, व्हॉल्व्हच्या पिना साफ करा, रेकॉर्ड लावा आणि ऐकत बसा. पण तळाचा पत्रा काढून आतले कंडेन्सर बदलायला गेलात तर यंत्राचा जीवच जाईल, असं बजावलं जातं. आवाज त्या जुन्या भागांत मुरलेला असतो म्हणे. नवा कंडेन्सर लावला की तो आवाज कोरडा पडतो. वर विकायची वेळ आली तर किंमतही पडते. हा सल्ला देणाऱ्यांनी स्वतःचं यंत्र शेवटचं कधी मोजलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

हे सोवळं विजेच्या हिशेबात टिकत नाही, ज्यांनी ही यंत्रं घडवली त्यांच्या विचारात बसत नाही, आणि ज्या जपणुकीच्या नावानं ते पाळलं जातं तिच्याच मुळावर येतं. काय बदलायचं आणि काय ठेवायचं याचा निवाडा आराखड्यावर छापलेल्या आकड्यांवरून होतो. भागाचं वय किंवा त्यावरची भक्ती तिथं कामाची नाही.

वाद हवेत राहू नये म्हणून एकच यंत्र समोर घेऊ: डायनाको कंपनीचा स्टिरिओ ७०. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हाफलर यांच्या या कंपनीनं तो १९५९ मध्ये बाजारात आणला. प्रत्येक बाजूला ३५ वॅट. चार ईएल३४, दोन ७१९९ आणि एसीचं डीसी करायला एक जीझेड३४, असे व्हॉल्व्ह. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जोडणी ‘अल्ट्रा-लिनिअर’ पद्धतीची. हाफलर आणि हर्बर्ट केरोज यांनी १९५१ मध्ये लेख लिहून ती लोकप्रिय केली होती. किट घेतलं तर किंमत ९९ डॉलर ९५ सेंट. तीन लाखांहून जास्त नग विकले गेल्याचं सांगितलं जातं, आणि त्यामुळं आजही दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांत हा नेहमीचा पाहुणा आहे.

‘कारखान्यातून आला तसाच ठेवा’ या आग्रहाची पहिली पंचाईत इथंच होते. स्टिरिओ ७० फार मोठ्या संख्येनं जोडलेल्या अवस्थेत कारखान्याबाहेर पडलाच नाही. तो खोक्यातून आला: ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची चासी, भाग बसवलेली छापील पाटी, वायरींची भेंडोळी आणि पायरीपायरीनं सांगणारी पुस्तिका. मग कुणी कारकुनानं, कुणी मास्तरानं, कुणी कॉलेजातल्या पोरानं संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून तो जोडला. त्यातल्या काहींचे डाग चकचकीत, काहींचे मातकट, कथील नीट न धरलेले. असला ड्राय सोल्डर १९६१ सालचा आहे म्हणून जपायचा, की सोल्डरिंग आयर्न टेकवून पुन्हा डाग द्यायचा? सोवळेकरी या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, कारण दिलं तर त्यांना कुठं तरी रेघ ओढावी लागेल, आणि एकदा रेघ ओढली की ती नेमकी कुठं, यावर बोलावं लागेल. हाफलर यांनी पुस्तिकेत व्होल्टेजचे तक्ते छापले ते कशासाठी? मालकानं यंत्र उलटं करावं, मीटर लावावा, आकडा जुळत नसेल तर कारण शोधावं, यासाठीच.

आता मूळ मुद्द्यावर येऊ: कपलिंग कंडेन्सर. सगळं सोवळं याच भागाभोवती गोळा झालेलं आहे.

आधीच्या व्हॉल्व्हकडून आलेला सिग्नल ईएल३४च्या ग्रिडपर्यंत पोहोचवायचा, पण त्या व्हॉल्व्हवरचा डीसी दाब मात्र पलीकडे जाऊ द्यायचा नाही, एवढंच या कंडेन्सरचं काम. एका टोकाला मोठा धन दाब, दुसऱ्या टोकाला ग्रिडवरचा साधारण ३५ व्होल्टचा ऋण दाब. हा ऋण दाब, म्हणजे बायस, ईएल३४ला लगाम घालतो. त्या काळातले मेणकागदी कंडेन्सर हवेतली ओल शोषून घेतात आणि गळू लागतात. गळती म्हणजे किती? समजा, अवघे २० मायक्रोअँपिअर. स्टिरिओ ७०मध्ये ग्रिडपासचा रेझिस्टर २,७०,००० ओहमचा. गुणाकार करा: ५.४ व्होल्ट. एवढा धन दाब ग्रिडवर चढला की ३५चा लगाम साडेएकोणतीसवर येतो. ईएल३४ला ठरलेला प्रवाह आहे ५० मिलिअँपिअर, आणि प्लेटवर साधारण ४१५ व्होल्ट. म्हणजे शांत बसलेला असतानाही तो व्हॉल्व्ह २१ वॅट उष्णता सोसत असतो. त्याची प्लेटची मर्यादा २५ वॅट. लगाम पाचसाडेपाच व्होल्टनं सैल पडला की प्रवाह जवळजवळ दुपटीकडे जातो आणि उष्णता ३५ वॅटच्या पुढे. खोलीतला दिवा मालवला तर करड्या प्लेटवर मंद लाल डाग दिसतो. सोवळेकऱ्यांना जो ‘जुना ऊबदार आवाज’ ऐकू येतो, त्यातली ऊब कधीकधी अक्षरशः हीच असते.

गळती साध्या मल्टिमीटरवर बहुधा दिसतही नाही, कारण मीटर काही व्होल्टांवरच रेझिस्टन्स मोजतो आणि गळती शेकडो व्होल्टांखाली उघडी पडते. ३०० व्होल्टांवर २० मायक्रोअँपिअर म्हणजे दीड कोटी ओहम. मीटरला तो कंडेन्सर ठणठणीत वाटतो. खरी परीक्षा चालू यंत्रात होते: आउटपुट व्हॉल्व्ह काढून ठेवायचे, ग्रिडच्या पिनेवर डीसी मोजायचा, आणि तो बायसच्या पुरवठ्याशी ताडून पाहायचा. दोन्हींत फरक असला तर कंडेन्सर कितीही देखणा असो, त्याची जागा डब्यात.

सगळेच जुने कंडेन्सर गळतात असंही नाही. साठच्या दशकात फिल्मचे कंडेन्सर रुळू लागले होते आणि त्यांतले कित्येक आजही कोरडे ठणठणीत आहेत. ज्याच्या ग्रिडवर शून्य गळती निघते त्यानं ते खुशाल ठेवावेत. पण ते ठेवण्याचं कारण मोजणी असेल. ‘हात लावू नका’ म्हणणारा मोजायलाच नकार देतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण वाजतोय की छान! साठ वर्षं वाजतोय.’

साठ वर्षं वाजत नव्हता. दहापंधरा वर्षं वाजला आणि मग कुणाच्या तरी माळ्यावर किंवा गॅरेजात पडून राहिला. पुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरला हे पडून राहणं सर्वांत बाधतं, कारण त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर दाबाखाली असेल तरच धड राहतो. स्टिरिओ ७०च्या चासीवर मधोमध अ‍ॅल्युमिनियमचा एक उभा डबा असतो. त्या एकाच डब्यात चार कंडेन्सर: ३०, २०, २० आणि २० मायक्रोफॅरडचे. बुडाशी जिभांच्या शेजारी अर्धवर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा कोरलेल्या असतात, म्हणजे कुठली जीभ कुठल्या कंडेन्सरची ते कळावं. हा डबा उभा असतो तो तापलेल्या व्हॉल्व्हांच्या ऐन गराड्यात. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य तापमानावर चालतं. दर १० अंशांना ते निम्मं होतं असा ढोबळ हिशेब कारखानदारच देतात. फुगलेलं बूड, जिभांपाशी सुकलेला चिकट ओघळ, आणि स्पीकरमधून येणारी एकसुरी घरघर. एवढी लक्षणं दिसल्यावरही ‘छान वाजतोय’ म्हणणाऱ्याच्या कानांबद्दल बोलायला हवं, कंडेन्सरबद्दल नव्हे.

त्याहून कपटी भाग म्हणजे बायसच्या पुरवठ्यातला सेलेनियम रेक्टिफायर. तळाच्या बाजूला असतो, कुणाचं लक्ष जात नाही. सेलेनियम म्हातारा झाला की त्याच्यावरच जास्त व्होल्ट पडू लागतात आणि बायसचा ऋण दाब हळूहळू उतरतो. चारही ईएल३४चा लगाम एकदम सुटायला लागतो. मालक बायसची खुंटी फिरवून फिरवून शेवटपर्यंत नेतो आणि मग व्हॉल्व्हांना दोष देऊन नवी चौकडी आणतो, तीही जळते. आठ-दहा रुपयांचा सिलिकॉन डायोड आणि पुरवठा जुळवून घ्यायला एक रेझिस्टर, एवढ्यात हा रोग संपतो. सेलेनियम जळाला तर निघणारा धूर विषारी आणि वास असा की एकदा आला तर माणूस विसरत नाही.

आणि फ्यूज? तो वाचवेल ना? स्टिरिओ ७०चा फ्यूज ३ अँपिअरचा, सावकाश उडणारा. ११७ व्होल्टवर ३ अँपिअर म्हणजे साडेतीनशे वॅट. एका ईएल३४नं पंधरा-वीस वॅट जास्त ओढले तर त्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. तो फ्यूज घराला आग लागू नये म्हणून आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर वाचवायला नाही. जास्तीचा प्रवाह जातो तो त्याच ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतून. ए-४७० नावाचा हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे स्टिरिओ ७०ची खरी दौलत. त्याचे वेढे थरांवर थर, एकात एक गुंफलेले. पॉवर ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून देणारे कारागीर मुंबईत, पुण्यात आजही सापडतात. पण त्याच तोडीचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं सोपं काम नाही. म्हणजे चार स्वस्त कंडेन्सर वाचवण्याच्या भक्तीत जी गोष्ट परत मिळणार नाही तीच पणाला लागते. याला जपणूक कसं म्हणायचं?

बायसच्या मोजणीतही एक खोच आहे, आणि ती माहीत नसलेले लोक छातीठोकपणे सांगतात की ‘माझा तर बरोबर दीड व्होल्ट येतो.’ प्रत्येक बाजूच्या दोन ईएल३४ना मिळून १५.६ ओहमचा एकच रेझिस्टर असतो. त्यावर १.५६ व्होल्ट आले म्हणजे दोघांचा मिळून १०० मिलिअँपिअर प्रवाह. पण दोघांचा मिळून! एक गळक्या कंडेन्सरमुळं ७० खातोय आणि दुसरा ३० वर उपाशी, तरी आकडा तोच. वर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकाच बाजूचं चुंबकत्व साचून खर्जाची वाट लागते ती वेगळीच. म्हणून आजचे चांगले दुरुस्तीकार प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा रेझिस्टर देतात, तेही मूळ वायरिंग न तोडता. १९५९च्या आराखड्यात नसलेली गोष्ट केली म्हणून त्यांच्यावर रागवायचं असेल तर रागवा; एकटा जळणारा व्हॉल्व्ह त्यामुळंच वेळेत सापडतो.

आता आवाजाकडे वळू, कारण सगळा भर तिथंच दिला जातो. जुन्या भागांत जुन्या काळाचा आवाज असतो, असं म्हणणं. पण त्या काळाला कसला आवाज हवा होता?

१९४५ मध्ये हॅरॉल्ड लीक यांनी आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचं नावच ‘पॉइंट वन’ ठेवलं, कारण विकृती ०.१ टक्का. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या एप्रिल आणि मेच्या अंकांत आपला आराखडा छापला: केटी६६ची जोडी, १५ वॅट, २० डेसिबल फीडबॅक, आणि पुन्हा विकृती ०.१ टक्क्याच्या आत. त्या आराखड्यावरून जगभर लोकांनी यंत्रं बांधली. हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांचा क्वाड टू १९५३चा. या तिघांची धडपड एकाच दिशेची होती: यंत्रानं आपल्या पदरचं काही घालू नये. ऊब, गोडवा, ‘जुनेपणा’ यांतलं काहीही त्यांना विकायचं नव्हतं. गळक्या कंडेन्सरमधून येणारी ०.५ किंवा २ टक्के विकृती त्यांच्या टेबलावर आली असती तर त्यांनी तो नग परत पाठवला असता.

मॅकिन्टॉश कंपनीनं तर हे जाहीरपणे करून दाखवलं. १९६२ पासून जवळजवळ तीस वर्षं कंपनीचे डेव्हिड ओब्रायन मोजमापाची उपकरणं घेऊन अमेरिकेतल्या दुकानादुकानांतून शिबिरं भरवत. कुणीही, कुठल्याही कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यावं. त्याची विकृती मोजून आलेख कागदावर काढून हातात दिला जाई. स्वतःच्या मालकीचं यंत्र ठरल्या आकड्यात आहे की नाही हे पाहायला लोक तेव्हा रांगा लावत. आजचा ‘विंटेज’ भक्त आपल्या एमसी२७५ला मीटर लावू देत नाही, आणि वर स्वतःला मॅकिन्टॉशचा वारसदार समजतो.

कानांचा पुरावाही आहे. जुलै १९७८च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाडच्या तीन अ‍ॅम्प्लिफायरांची पडद्याआडची चाचणी छापली. एक व्हॉल्व्हचा क्वाड टू, दुसरा ट्रान्झिस्टरचा ३०३, तिसरा ४०५. ऐकणाऱ्यांना समोर कुठला वाजतोय ते ओळखता आलं नाही. म्हणजे योगायोगापलीकडे जाईल इतकं तरी नाहीच. या चाचणीवर पुढे वाद झाले आणि होत राहतील. पण तिच्यातून एक गोष्ट झटकता येत नाही: धडधाकट, क्षमतेच्या आत चालवलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टरपासून ओळखूही येत नसेल, तर ज्या यंत्राचा ‘वेगळा’ आवाज दारातूनच ओळखू येतो त्यात काही तरी बिघडलेलं असण्याचा संशय घ्यायला नको का?

व्हॉल्व्हचा म्हणून काही आवाज नसतोच, असा दावा इथं नाही. असतो, आणि त्याला कारणं आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमुळं स्पीकरला दिसणारा अंतर्गत रेझिस्टन्स ट्रान्झिस्टरपेक्षा जास्त असतो, त्यामुळं स्पीकरचा स्वतःचा चढउतार आवाजात किंचित उमटतो. क्षमतेच्या टोकाला गेल्यावर व्हॉल्व्ह ज्या तऱ्हेनं कोलमडतो ती तऱ्हाही कानाला वेगळी लागते. पण ही सगळी कारणं आराखड्यात आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये आहेत. कंडेन्सर बदलून ती जात नाहीत. उलट बायस बरोबर बसल्यावर आणि पुरवठा ताठ झाल्यावरच ती निर्मळ ऐकू येतात.

मिरजेच्या तंबोऱ्याकडे पाहावं. भोपळा आणि दांडी पिढ्यान्‌पिढ्या चालतात. तारा बदलतात, घोडी झिजली की कारागीर जवारी पुन्हा काढतो. आजोबांच्या तंबोऱ्यावर आजोबांच्याच गंजलेल्या तारा हव्यात असा हट्ट कुठल्या गवयानं धरल्याचं ऐकिवात नाही. स्टिरिओ ७०मध्ये भोपळ्याच्या जागी ट्रान्सफॉर्मर आहेत.

आता दुसऱ्या टोकाचे लोक खूश झाले असतील, म्हणून त्यांचाही समाचार घेणं भाग आहे. ही मंडळी सगळंच उपटतात. जीझेड३४ काढून तिथं सिलिकॉन डायोड, ३० मायक्रोफॅरडच्या जागी ४७० मायक्रोफॅरड, आणि सिग्नलच्या वाटेवर तेलात बुडवलेले चांदीच्या पत्र्याचे हजारो रुपयांचे कंडेन्सर. मग अभिमानानं सांगतात की आवाज उघडला. जीझेड३४च्या पहिल्या कंडेन्सरला ६० मायक्रोफॅरडची मर्यादा मलार्ड कंपनीच्या तक्त्यातच छापलेली आहे. त्यापुढे गेलं की सुरुवातीच्या धक्क्यात व्हॉल्व्हच्या आत ठिणगी पडते. आणि डायोड लावले तर? पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना ३६०-३६० व्होल्ट आहेत, ३६०ला १.४१४नं गुणलं की ५०९. ईएल३४ तापायला वेळ लागतो, तोवर हा दाब सरळ डब्यावर बसतो, आणि डब्याची मर्यादा ५२५ व्होल्टची. घरातला पुरवठा चार टक्क्यांनी वाढला की ती ओलांडली गेली. जीझेड३४ सावकाश तापतो, दाब सावकाश चढवतो. हाफलर यांनी तो उगीच निवडलेला नव्हता. सोवळेकरी हाफलर यांचे भाग जपतात आणि विचार विसरतात. हे दुसरे लोक दोन्ही विसरतात. साध्या ६३० व्होल्टच्या पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सरनं कपलिंगचं काम उत्तम होतं. चांदीच्या कंडेन्सरसाठी मोजलेले पैसे चांगल्या जीझेड३४वर खर्च करावेत, हे बरं.

किमतीचा मुद्दा राहिला. भाग बदलले की यंत्राचं मोल उतरतं, असं ठासून सांगतात. संग्राहकाला बाहेरून दिसणारं रूप हवं असतं, हे खरं आहे, आणि त्यासाठी रीतसर वाटही आहे. जुना डबा बुडाशी कापून त्यातला वाळलेला गाभा काढतात, नवे छोटे कंडेन्सर आत बसवतात आणि डबा पुन्हा मिटवतात. वरून अर्धवर्तुळ, त्रिकोण, छाप सगळं तसंच. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत, वर चिठ्ठी: कुठून काढला, किती भरला. छापील पाटी भाजून काळी पडली असेल तर नवी पाटी बसवतात आणि जुनी त्या पिशवीतच ठेवतात. पुढच्या मालकाला वाटलं तर त्यानं सगळं परत लावावं. आणि डोळस गिऱ्हाईक विकत घेताना विचारतो काय? बायस किती, आउटपुट ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का, शेवटचं काम कधी आणि काय झालं. ‘कशालाच हात लावलेला नाही’ हे उत्तर त्याच्या कानाला पुढच्या खर्चाची यादी म्हणून ऐकू येतं.

७१९९चं मात्र दुखणं खरं आहे. हा व्हॉल्व्ह मिळणं अवघड झालं आहे आणि मिळाला तर महाग. ६जीएच८ए त्याच्या जवळपास जातो पण पिनांची मांडणी वेगळी, म्हणून मध्ये अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो. इथं मूळ वस्तू आणि चालू वस्तू यांत खरोखर निवड करावी लागते आणि दोन्ही बाजूंनी बोलता येतं. सोवळेकऱ्यांनी आपलं बळ अशा प्रश्नावर खर्च केलं असतं तर चर्चेला अर्थ होता.

आपल्याकडे हे सोवळं आणखीनच विचित्र वाटतं, कारण ते इथलं नाहीच. ज्या काळात घरोघरी मर्फी आणि फिलिप्सचे व्हॉल्व्हचे रेडिओ होते, तेव्हा गल्लीतला रेडिओवाला कंडेन्सर गरम लागला की कापून टाकायचा आणि नवा लावायचा. बंगळूरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडवर मिळत, तेही तो बदलायचा. भावनेचा प्रश्नच नव्हता. रात्री बातम्या लागल्या पाहिजेत एवढंच. त्याच्या दुकानात भिंतीवर एक सिरीज बोर्ड असे: शंभर वॅटचा बल्ब आणि यंत्र एकामागोमाग जोडलेलं. बटण दाबल्यावर बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट. हीच युक्ती आज परदेशातले हौशी लोक मोठ्या कौतुकानं शिकवतात.

मुंबई-पुण्यात अमेरिकी यंत्र आणणाऱ्यांपुढं तर ‘मूळ तसंच’ हा पर्यायच नाही. ११७ व्होल्टचं यंत्र २३० वर चालवायचं म्हणजे स्टेपडाउन आलाच. बाजारातला स्टेपडाउन बहुधा नुसता निम्मे करणारा असतो. घरात २४० आले तर यंत्राला १२० जातात आणि आतले सगळे दाब त्याच प्रमाणात वर सरकतात. हीटरचे ६.३ व्होल्ट दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे म्हणूनच आपल्या घरात मोजायचं असतं. शिवाय निव्वळ ६० हर्ट्‌झसाठी बांधलेल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आपल्या ५० हर्ट्‌झवर चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढतं. तो गुणगुणतो आणि तापतो. त्यात पुष्कळसे स्वस्त स्टेपडाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे मेनपासून यंत्र वेगळं होतच नाही. अशा वेळी दोन पिनांची मूळ वायर आणि अर्थिंग नसलेली चासी जपणं हा जिवाशी खेळ आहे. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकी यंत्रांत मेन आणि चासी यांच्यामध्ये एक कंडेन्सर असायचा. तो शॉर्ट झाला की अख्खा पत्रा जिवंत. तीन पिनांची वायर लावून, चासीला अर्थिंग देऊन तो कंडेन्सर काढून टाकणाऱ्याला वारशाचा शत्रू म्हणणारे लोक आहेत, यावर विश्वास बसणं कठीण, पण आहेत.

व्हॅरिअ‍ॅकवाल्यांचंही ऐकून घेऊ. काही मवाळ सोवळेकरी सुचवतात की भाग बदलू नका, व्हॅरिअ‍ॅकनं दाब हळूहळू चढवा, जुने इलेक्ट्रोलिटिक ‘जागे’ होतील. डायोडच्या यंत्रात यात काही अर्थ असतो. स्टिरिओ ७०मध्ये जीझेड३४ आहे, आणि त्याचा हीटरही त्याच ट्रान्सफॉर्मरवर चालतो. व्हॅरिअ‍ॅक पन्नास व्होल्टांवर असताना तो तापतच नाही, म्हणून डब्यापर्यंत काही पोहोचत नाही. मग एका टप्प्यावर तो तापतो आणि शेकडो व्होल्ट एकदम जाऊन पडतात. सावकाश चढवण्याचा सगळा सोपस्कार व्हॉल्व्ह तापेपर्यंतच. कंडेन्सर खरोखर जागे करायचे तर ते सर्किटपासून सोडवून, प्रवाहाला मर्यादा घालून, वेगळ्या पुरवठ्यावर तासन्‌तास ठेवावे लागतात. इतकं केल्यावरही जो २० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ११ भरतो त्याचं काय करायचं, हे त्यांनी सांगावं.

एखादा नग खरोखर दुर्मिळ असेल, पहिल्या काही नगांतला, किंवा त्याच्या जोडणाऱ्याचं नाव इतिहासात असेल, तर त्याला प्लग लावूच नये. काचेआड ठेवावा, आतल्या मेणकागदासकट. त्याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो दिवाणखान्यात रोज संध्याकाळी तीन तास वाजणाऱ्या यंत्राबद्दल. तिथं ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यानं आपल्या स्टिरिओ ७०चे चार आकडे मांडावेत: व्हॉल्व्ह काढून चारही ग्रिडच्या पिनांवर मोजलेला डीसी, सेलेनियमनंतरचा बायस, डब्यातल्या चारही कंडेन्सरांची मोजलेली क्षमता, आणि १,००० हर्ट्‌झवर ३५ वॅट देताना आलेली विकृती. पुस्तिकेतल्या तक्त्याशी ते जुळले तर त्याचे जुने कंडेन्सर तिथंच राहू द्यावेत, आणि नाही जुळले तर सोल्डरिंग आयर्न तापत ठेवावं.